सहा सेकंद

नाकाला चिमटा. ओठ नळीभोवती घट्ट.
"छाती भर. आणखी भर. आता सोड, जोरात,
अजून, अजून, अजून, थांबू नकोस गो, अजून..."
सकाळपासून अकरा जणींवर ओरडले आहे मी अशी
डिचोलीच्या आयटीआयत, मागच्या खोलीत,
एरवी जिथे मोडके हेअर ड्रायर ठेवतात.

केशरचनेची नवी तुकडी. बावीस मुली, दोन मुलगे.
फॉर्मवर चौकटी : शिंका? रात्रीचा खोकला?
लहानपणी दमा?
बावीसही जणींची "नाही"वर खूण,
एकाच पेनाची, एकाच शाईची.
मुलग्यांनी तर वाचलंही नाही.

बारावी दीक्षिता माजिक, पिसुर्ले.
फुंक सुरेख. पडद्यावरची रेघ झपकन चढली
आणि सरळ उतरली, पुस्तकात छापावी अशी.
मग सहीला पेन घेतलं
तर निबाचं टोक कागदावर टकटक करायला लागलं.
मनगट धरलं. नाडी एकशे बारा,
आणि ती तर मघापासून बसूनच आहे.

"किती फवारे घेतलेस?"
खिडकीबाहेर बघते.
"चार. बसमध्ये. सांखळीला."

मग मी सांगते, सांगायला हवं ते.
केस सोनेरी करायची ती निळी पावडर,
झाकण उघडताच धुरासारखी उठते.
आधी नाक गळतं, मग सहा महिन्यांनी, वर्षाने, छाती.
बंद पार्लर, एसी, लग्नाचे दिवस,
आणि एका रात्री कळतं
आडवं व्हायला तीन उशा लागतात.
न उडणारी पेस्टही मिळते, म्हणते मी.
महाग असते, हे म्हणत नाही.

ती ऐकून घेते सगळं.
"मॅडम, आमच्या दारावरून खनिजाचे ट्रक जायचे.
ताटावर ताट झाकून जेवायचो.
दोरीवरचा गणवेष संध्याकाळी लाल.
शाळेत आधी बाक पुसायचे, मग फळा.
तेव्हा नाही कोण आलं
नळी घेऊन."

माझ्याकडे दोन शिक्के आहेत. योग्य. अयोग्य.
दोन्ही शाईच्या पॅडवर पालथे पडून.
समासात हातानेच लिहिते :
सोमवारी पुन्हा. पंप न घेता.
"आणि धाप लागली तर घे. खरंच लागली तर.
मग तसं मला सांग."
"सोमवारी रेघ वाकडी आली तर?"
"बघू."
हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी मला कधी आवडला नाही.

फॉर्मची घडी घालत दाराशी थांबते,
माझ्या भांगाकडे बघते. तीन बोटं पांढरं.
"तुमचे मी मेंदीने करीन. मेंदी चालते ना मला?"

मेंदीचीही पावडरच असते.
चाळताना तीही उडते.
"भिजवलेली," म्हटलं मी,
"दुसऱ्या कोणी भिजवलेली."

ती हसली, आणि हसता हसता खोकली.

तेरा नंबर.
आधी ते च्युइंगगम थुंक.