रेंज नसतानाचं पान

रंकाळ्याच्या कठड्यावर बसून
फोनमधलं छोटं विमान चालू करतो मी.
कुठं उडायचं नसतं. बघायचं असतं फक्त,
जगाशी बोलणं तुटल्यावर माझं पान काय करतं.

पहिल्या दिवशी ते पांढरं पडलं.
भेळवाल्यानं डोकावून विचारलं, बिघडला व्हय?

दूध संस्थेच्या चेअरमनना पानावर
हसऱ्या म्हशी पाहिजे होत्या, सरकत्या, पाच.
एकेकीचं वजन दोन एमबी. म्हटलं, साहेब,
पाटगावच्या वरल्या धनगरवाड्यात
ह्या म्हशी चढेपर्यंत धारेची वेळ टळेल.
ते हसले. म्हशी राहिल्या.
पुढच्या बैठकीत चार गेल्या, एक उरली, बारकी.

मग शिदोरी बांधावी तसं पान बांधलं:
वाटेत लागेल तेवढंच.
लसीच्या तारखा. डॉक्टर इंगवल्यांचा नंबर.
पोट फुगलं तर काय करायचं, चार ओळींत.
नक्षीदार अक्षरं काढून टाकली, फोनात असतील ती घेतली.
जोडाक्षरं जरा ओबडधोबड दिसतात. दिसू देत.

आणि रेंज नसेल तेव्हासाठी एक वाक्य लिहिलं,
राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, वायफायखाली, चहा पीत:
‘क्षमस्व! आपण इंटरनेटशी जोडलेले नाही आहात.’

आक्काताई येडग्यांनी ते वाचलं
गोठ्याच्या दारात, काच तडकलेल्या फोनवर,
बोटांना शेण म्हणून करंगळीनं पान सरकवत.
म्हणाल्या, रेंज न्हाई ते मला ठावं हाय की रं.
जल्मल्यापास्नं न्हाई.
तू म्हशीचं सांग.

वाक्य तिथंच खोडलं, दगडावर बसून.

आता त्या लिहितात आणि पान राखून ठेवतं.
खाली बारीक अक्षरात: पाठवायचं राहिलंय, तीन.
वळणावरच्या फणसाखाली एक काडी येते.
तिथं तिनाचे दोन होतात, दोनाचा एक,
आकडा उतरेपर्यंत त्या उभ्या राहतात
डोक्यावरचा कॅन खाली न ठेवता.

पण एका मंगळवारी रेडी मेली.
त्यांनी लिहिलं. ते पानातच राहिलं.
गुरुवारी इथून निरोप सुटला:
‘आपल्या रेडीची लस उद्या आहे. विसरू नका.’
शुक्रवारी फणसाखाली दोन्ही एकमेकांना भेटले.

नियम माझाच होता, शेवटी लिहिलेलं खरं.
नोंदवहीत रेडी जिवंत झाली.

शमशाद मुजावर, शेजारच्या खुर्चीवरची,
चष्मा पुसत म्हणाली, शेवटी लिहिलेलं खरं कसं?
जिनं बघितलं तिचं खरं.
मला नव्हतं सुचलं. दोन दिवस गेले बसवायला.

आक्काताईंच्या नोंदीला आता हात लावत नाही,
आपलाच निरोप मागं घेतो.
आणि प्रत्येक पानाच्या तळाला त्याचं वय:
‘ही माहिती सोमवारी सकाळी सातची.
त्यानंतरचं तुम्हाला जास्त ठाऊक.’
चेअरमन म्हणाले, असं कुठं लिहितात काय?

विमान अजून चालू आहे.
भेळेचा कागद वाऱ्यानं पाण्याकडं निघालाय.
पान उघडतंय अंधारात, कुणालाही न विचारता.
खाली लिहिलंय: पाठवायचं राहिलंय, एक.
माझीच चाचणीची नोंद. रेडी, काळी, कपाळावर चांद.
उठून घरी जाईपर्यंत
ती इथंच असू दे.