पाहिलेले प्राणी

मोलेच्या फाटकावर पावती फाडताना
वनरक्षकाने विचारलं, कॅमेरा केवढा?
त्याचे पैसे वेगळे.
मी भिंग दाखवलं, दुधाच्या किटलीएवढं.
धाकलू झोरे शेजारीच उभा, कमरेला कोयती,
किटलीकडे जरा जास्तच वेळ पाहत.

मग चढलो.
किंदळ, नाणा, ऐन;
नावं तो चालता चालता टाकत गेला,
मी मागून वेचत.
हे गव्याचं. शेण अजून ओलं, वर दोन फुलपाखरं.
हे अस्वलाचं. वारूळ फोडलेलं,
वाळवी दुरुस्तीला लागलेली.
सगळीकडे आम्ही थोडे उशिरा.

शेकरू दिसलं, म्हणजे शेपूट दिसलं.
धनेशाची जोडी गेली, आधी पंखांचा आवाज:
कुणी जाड सतरंजी झटकत दरी ओलांडावी तसा.
मी भिंग उचलेपर्यंत
दरीत फक्त दरी.

माथ्यावर धुकं. खाली कुठेतरी
मालगाडी घाट चढताना कण्हत होती.
धाकलूने भाकरी मोडली, मोठा तुकडा मला.
तो हितनंच येतो, म्हणाला.
नाव घेतलं नाही,
हनुवटीने पलीकडची सोंड दाखवली.
"दोन वर्सांमागं माझी म्हस नेली.
गाभण होती."
भरपाई?
"फोटो मागितला सायबानं, मेलेल्या म्हशीचा.
मी पोचलो तवा शिंगं तेवढी ऱ्हायलेली.
शिंगांवरनं म्हस ठरत नाय म्हनं."
आणि हसला, खरंच हसला,
भिंगावर टिचकी मारून:
"तवा याचं हुतंत."

परतताना पायवाट सोडून
त्याने मला वाड्यावर नेलं.
चार म्हशी एका ओळीत बांधल्या,
पोराला सांगून अंगावरचा चिखल धुतला.
"एकेकीचा काढा. कानाची खूण दिसू दे.
असूं दे जवळ."

मैलभर लांबचं ओढून आणणारं भिंग,
त्यात म्हैस मावेना.
मी मागे सरलो, अंगण सोडून,
केळींतून, ओहोळात गुडघाभर,
तेव्हा कुठे बाळी आख्खी आली,
शिंगांपासून शेपटीपर्यंत, माझ्याकडे रोखून बघत.
मग टिकली. मग रेमी. चौथीला अजून नाव नव्हतं.

संध्याकाळी फाटकावर नोंदवही.
रकाना: पाहिलेले प्राणी.
शेकरू एक, लिहिलं. धनेश दोन.
म्हशी चार.
म्हशी कशाला, रानातलंच लिवा,
वनरक्षक म्हणाला,
आणि पट्टी शोधू लागला
ओळ सरळ खोडायला.