भूसंपर्क

सकाळी साडेआठला, मिरजोळ्याच्या सड्यावर,
मासळीच्या शीतगृहामागच्या शेडमध्ये
गाडीला प्लग लावते
आणि चार्जरवर लाल दिवा. तीनदा. थांबून परत तीनदा.
अकरा टक्के.
घर बावीस किलोमीटर, वाटेत दोन चढ.

काल चालला होता. परवाही.
गेल्या सोमवारी नव्हता, पण तेव्हा वाटलं
मीच नीट लावला नसेल.
बाईमाणसाला आधी हेच वाटतं.
वॉचमन गोताडनेही आधी हेच विचारलं.

केबल काढली, पुसली, परत लावली.
पॅकिंगच्या नव्या पोराची गाडी लावून पाहिली, तिलाही नकार.
तेवढ्यानंही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
हेल्पलाइनवरची पुण्याची मुलगी म्हणाली,
मॅडम, बंद करून चालू करा.
केलं.
मॅडम, अ‍ॅप काढून पुन्हा टाका.
टाकलं.
मॅडम, तुमच्याकडे पाऊस आहे का?
मी वर बघितलं. एप्रिलचं आभाळ,
घासून उन्हात पालथी घातलेली परात.

घरी मात्र लागते. रोज रात्री, न कुरकुरता.
हे सांगितलं तेव्हा मकबूल होडेकर
पहिल्यांदा नीट ऐकू लागला.
आमचा इलेक्ट्रिशियन. कानावर विडी, खिशात टेस्टर.
"घरचा अर्थिंग खय पुरलाय?"
मला काय ठाऊक. मग आठवलं,
मोरीचं पाणी जातं तिथे, अळवाच्या वाफ्यात.
"मंग बरोबर," म्हणाला,
आणि शेडमागे चालू लागला.

काजूच्या बुंध्याशी लोखंडी झाकण,
त्यावर कुणी रिकामे क्रेट रचलेले.
क्रेट हलवले. झाकण पहारीनं उचललं.
आत कोळशाची राख, मुंग्या,
आणि चहूकडून जांभा, भोकाभोकांचा,
चार महिने पाझरणारा
आणि शिमग्यानंतर तोंड मिटून बसणारा.
मीटर लावला. बासष्ट.
"किती हवं?"
"पाचाच्या आत. गाडी बरी हाय, चार्जरपन बरा हाय.
तो नुसता इचारतो, खाली जमीन हाय का.
जबाब नाय आला, तर देत नाय."

कोळंबीच्या विभागातून जाड्या मिठाची अर्धी गोण आली.
पहिली बादली गोताडनं ओतली, दुसरी मी, ओढणी खोचून.
तिसरीपर्यंत जांभ्यानं साधा आवाजही केला नाही.
चौथीला बुडबुडे.
सहावीचं पाणी वर थांबलं, क्षणभर, मग तेही गेलं.
चाळीस. सव्वीस. अकरा.
"ऱ्हा गो, घाई नको. ती पितेय."
त्यानं विडी पेटवली. आम्ही तिघं
एका खड्ड्याभोवती उभे होतो, काहीच न बोलता,
आणि आत कोल्ड स्टोरेजचा कंप्रेसर घरघरत होता.

साडेदहाला परत प्लग लावला.
लाल.
लाल.
मग गाडीच्या पोटात कुठेतरी टक्,
आणि हिरवा.

रजिस्टरमध्ये होडेकरनं कारण लिहिलं : जमीन सुकली.
साहेबांनी ते खोडून वर लिहिलं : भूसंपर्क अपुरा.
दर सोमवारी दोन बादल्या ओतायच्या, असा कागद लागला,
खाली सही माझी.

संध्याकाळी एकोणसाठ टक्क्यांवर घरी आले.
हातांच्या भेगांत मीठ चुरचुरत होतं.
भांडी घासून झाली,
मोरीतला नळ मात्र
जरा उशिरानं बंद केला.