हवाई अंतर

उलवे ते मस्कत : सोळाशेला थोडं कमी.
वेळ : दोन तास पन्नास,
वारा समोरून असेल तर तीन.
आकडा मी वहीत उतरवून घेतला
(बत्तीस वर्षं भूमापक होतो, सवय जात नाही)
आणि मग साखळीत करून पाहिला.
तेहतीस फुटी साखळी.
दीड लाखाच्या वर भरल्या.
हाशा म्हात्रे असता तर म्हणाला असता,
साहेब, आधी चहा सांगा.

ऋजुता, तुझं नाव मीच ठेवलं.
सरळ रेषेवर तेव्हा माझा फार विश्वास होता.
आता मोबाइलवर तुझं विमान बघतो,
नखाएवढं, पिवळं.
ते उठतं, वळसा घेतं, समुद्रावर येतं
आणि मग वाकडंच जात राहतं.
तू म्हणतेस, बाबा, पृथ्वी गोल आहे,
तीच सरळ रेघ.
असेल.
आम्ही गुंठ्यागुंठ्यानं मोजली तेव्हा सपाट होती.

जाताना घड्याळ तुझ्या बाजूचं.
पहाटे साडेचारला निघतेस, सहाच्या आत उतरतेस,
मधला दीड तास कुठे सांडला
कोणी विचारत नाही.
येताना वारा पाठीशी असतो,
तरी तोच दीड तास पुरता वसूल होतो.
तुझी आई हे कागदपेन्सिलीशिवाय सांगायची :
जाणारा लवकर पोचतो,
येणाऱ्याची भाजी दोनदा गरम करावी लागते.

बाल्कनीतून धावपट्टीचं एक टोक दिसतं.
रात्री दिवे ओळीत, माझ्या खुंट्यांसारखे.
विमानाचं पुढचं चाक जिथे जमीन सोडतं
तिथे, माझ्या अंदाजानं,
सर्व्हे नंबर एकशे अकरा, पोटहिस्सा तीन.
भाताची खाचरं, कडेला एक भेंडीचं झाड.
हद्दीचा दगड मी रोवला होता.
त्या दिवशी गोमीबाई बांधावर बसून
सुपातली करंदी निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"मोजलास तं खरा रं,
पन आमाना कवरा लांब जावाला लागंल?"
मी नकाशा उलगडून सांगितलं :
साडेचार किलोमीटर, आजी.
टेम्पोनं वीस मिनिटं.

आकडा बरोबर होता.

गेल्या महिन्यात तिचा नातू भेटला, मासळीबाजारात.
विमानतळावर सामान चढवतो.
तुझी निळी बॅगही त्यानंच चढवली असेल,
दोरी बांधलेली, आत माझं कोकम.
म्हणाला, आजी गेली,
नव्या घरात अकरा वर्षं काढून.
कोणी विचारलं, कशी आहेस,
तर शेवटपर्यंत एकच सांगायची,
"आजून पोचाचा हाय."
मी पिशवीतले बोंबील उगाच मोजले.

तुझा निरोप आला : उतरले, बॅगा येतायत.
इथे सात चाळीस, तिथे सहा दहा.
दोन्ही वेळा लिहिल्या,
अंतराच्या रकान्यात सोळाशे टाकले,
पेन बंद केलं,
परत उघडलं,
आणि कडेला, मोजणीच्या कागदावर लिहायचो तसं,
बारीक अक्षरात लिहिलं :
प्रत्यक्ष जागेवर खात्री करणे बाकी.