दहा मिनिटं पुढे

ओस्लाच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ फास्ट आहे.
दहा मिनिटं. किती वर्षं झाली, तिलाही आठवत नाही.
लाउरी दर मंगळवारी बोट चुकवायचा
म्हणून तिनेच काटा पुढे ढकलला होता,
त्याला न सांगता.
त्याला ठाऊक होतं. तो मनात दहा वजा करायचा
आणि बोट चुकवायचा.

आज तिची पोटाची तपासणी. लेरविकला.
काल रात्री जाताना मीच फळीवर खडूने लिहून गेले होते:
फास्ट.
"म्हणजे काय करू? घाई, की उपाशी राहू?"
चष्मा पुसत तिने विचारलं.
दोन्ही, म्हटलं.
"तुमच्यात याला वेगवेगळे शब्द असतील."
आहेत ना. उपास वेगळा, घाई वेगळी.
फक्त आमच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी असते,
वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस,
"आणि याला तुम्ही उपास म्हणता?"
एकादशी आणि दुप्पट खाशी, असंही म्हणतो.
ती इतकी हसली
की पोट धरून खाली बसली.
मग थोडा वेळ
नुसतीच पोट धरून बसली.

दार उघडेना.
रात्रभराच्या खाऱ्या वाऱ्याने लाकूड फुगलेलं.
"फास्ट," ती म्हणाली. म्हणजे जाम. म्हणजे घट्ट.
मी खांदा लावला.
जे जागचं हलत नाही त्याला हा शब्द,
जे सुसाट सुटतं त्यालाही हाच.
कसं भागवतात ही माणसं?

गाडीत तिने मफलर सारखा केला.
तांबूस, जळक्या गुळाच्या रंगाचा.
लग्नाच्या वर्षी इथल्याच खडकांवरचं दगडफूल
चमच्याने खरवडून, लोकरीसोबत दिवसभर उकळून
तिने काढलेला रंग.
(आम्ही ते मसाल्यात घालतो, हे अजून सांगितलेलं नाही.
एका सकाळी किती सांगायचं.)
"कितीदा धुतलाय, विचार. फास्ट."
पक्का. पाण्याबरोबर न जाणारा.
ॲबर्डीनच्या वॉर्डात हा लाउरीच्या गळ्यात होता.
नर्सने घडी करून परत दिला,
प्लास्टिकच्या पिशवीत, दातांच्या डबीसोबत.

रस्ता रिकामा, काळोखा. कडेला मेंढ्यांचे डोळे.
मी काटा साठावर नेला.
"इतकी फास्ट नको."
बोट सुटेल, ओस्ला.
"निघताना वेळ कुठे पाहिलीस?"
तुझ्या स्वयंपाकघरात.
ती काही बोलली नाही.
खिडकीकडे तोंड करून हसत असावी,
काचेवर वाफ धरली तेवढी.

धक्क्यावर कुणी नाही.
पलीकडच्या किनाऱ्यावर बोटीचा दिवा, अजून न निघालेला.
हातात दहा मिनिटं, कोरी.
लाउरीला कधी न मिळालेली, की त्याने कधी न घेतलेली,
मी हीटर वाढवला.

बोट लागली तेव्हा गिब्बीने दोर खुंट्याला
तीन वेढे दिले, ओढून पाहिला
आणि वर केबिनकडे ओरडला, फास्ट!
मी हरखले. हा आणखी एक!
सांगायला वळले तर तिची मान कलंडलेली,
तोंड किंचित उघडं, मफलरात श्वास.
गाढ.
इथे त्यालाही तोच शब्द आहे,
हे तिनेच मला मागे कधीतरी शिकवलेलं.

गिब्बी हाताने खुणावत होता: चला, या.
मी ओठांवर बोट ठेवलं.
त्याने वाकून काचेतून पाहिलं, टोपी मागे सारली,
आणि बाजूला झाला.

पहिला गिअर.
लोखंडी फळी चाकाखाली वाजू नये म्हणून
हळू,
अगदी हळू.
या शब्दाचे त्यांच्यात किती अर्थ असतील?
ती उठली की विचारायला हवं.