बुधवार, दीड ते सव्वादोन

पहिली बाई बेंगळुरूची निघाली.
इंग्रजीत विचारलं, काय वाटतंय.
मी म्हणाले, फाईन.
पन्नास मिनिटांचे बाराशे,
त्यातली चाळीस मी फाईनच होते.

दुसऱ्यांच्या मागं पुस्तकांचं कपाट,
सगळी पुस्तकं एकाच उंचीची.
त्यांनी मला श्वास घ्यायला शिकवलं. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर.
कुपवाडला, मे महिन्यात, फौंड्रीच्या धुरात
श्वास असा मोजून घेण्यासारखा नसतो,
हे सांगायचं राहिलं.

तसं मिरजेला जाता आलं असतं.
पण मिरजेत दवाखाने ढीगभर
आणि दर दवाखान्याच्या बाकावर
आपल्या ओळखीचं कुणीतरी.
"काय गं, इकडं कशी?"
याला उत्तर म्हणून गुडघा चालतो. डोकं चालत नाही.

मग ही तिसरी. वैदेही ढोबळे, वर्धा.
फोटोत केस नीट बसले नव्हते, म्हणून निवडली.

घरी दोन खोल्या, पाच माणसं.
म्हणून वजनकाट्याची केबिन.
जेवणाच्या सुट्टीत ट्रक थांबतात.
गुंडू बाहेर स्टूल टाकून भडंग खात बसतो,
कुणी आलं तर पत्रा वाजवायचा, असं ठरलंय.
त्याला सांगितलंय, विम्याचा फोन असतो.
तो म्हणाला, लय मोठी पॉलिसी दिसतीया ताई.

"साहेब आले की काय होते जी तुम्हाला?
अंगात कुठं जाणवते?"

मगदूम साहेबांच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजतो.
पहिल्याला मी उभी राहते.
दुसऱ्याला माझी सही बदलते.
परवा ग्रुपवर लिहिलं:
काट्यावरच्या बाईंना बेरीज येते का, विचारा कुणीतरी.
खाली सतरा अंगठे.
सतरावा गुंडूचा.
(विचारलं त्याला. म्हणाला, सगळ्यांनी दिला म्हणून दिला.)

अकरा वर्षं झाली.
भरलेला ट्रक, मग रिकामा ट्रक,
दोन्हींतला फरक म्हणजे माल.
तासगावचा बेदाणा, हळदीची पोती,
एकदा कुठल्याशा मंडळाचा अख्खा मांडव.
चिठ्ठीवरचा आकडा काट्यावरचाच.
मार्चमध्ये साहेब म्हणाले,
वीस-वीस किलो इकडचे तिकडे होऊ देत, कोण बघतंय.
मी नाही म्हणाले.
तेव्हापासून मला बेरीज येत नाही.

हे मी तिला तिसऱ्या बुधवारी सांगितलं.
आधीचे दोन माझ्या ॲसिडिटीत गेले.

ती गप्प.
मला वाटलं नेट गेलं.
"हॅलो? मॅडम?"
"आहे ना. ऐकून राहिली मी."

आमच्याकडं 'ऐकतोय' म्हणतात, बायकासुद्धा.
तिच्याकडं ऐकून राहतात.
म्हणजे ऐकून झाल्यावरही उठून जात नाहीत,
असा मी आपला अर्थ लावला. चुकीचा असेल.
पण मग मी रडले, ते चांगलं सात-आठ मिनिटं,
काट्याच्या लाल आकड्याकडं बघत.
शून्य. शून्य. शून्य.
माझं काही त्यात धरत नाहीत.

ती म्हणाली नाही, नोकरी सोडा.
म्हणाली नाही, साहेबांना माफ करा.
एवढंच विचारलं,
"त्या दिवशी नाही म्हणाल्या, तेव्हा आवाज कसा होता तुमचा?"
मला आठवेना. अजून आठवत नाही.
पुढच्या बुधवारपर्यंत आठवायचंय.

पत्रा वाजला.
विजापूरची गाडी, ड्रायव्हर कानडीतून घाई करतोय.
ओढणीनं तोंड पुसलं, चिठ्ठी काढली,
सही केली. माझीच आली.
गुंडूनं काही न बोलता
भडंगाचा कागद पुढं केला, तळाशी शेंगदाणे उरलेले.
पत्र्यातून सगळं ऐकू येतं,
हे मला माहीत नव्हतं असं नाही.

रात्री भांडी झाल्यावर ग्रुप उघडला,
परवाच्या त्या ओळीपर्यंत वर गेले.
अंगठे सोळा.
दोनदा मोजले.