पश्चिमेची भिंत

रंकाळा स्टँडवरून सव्वासातची गगनबावडा.
कळ्याला चहा, साळवणला डुलकी,
असळजच्या पुढं कानाला दडे.
मांडीवर फाइल : न्याहारी-निवास, तपासणी नमुना,
रकाने सतरा.

नाक्यापासून धनगरवाड्यापर्यंत दीड तास पायी.
ठकूबाई झोरे उंबऱ्यातच उभ्या,
हात शेणाचे, म्हणून कोपरानंच नमस्कार.
"आदी पानी प्या सायेब. कागुद काय पळून जातुय व्हय?"

खोल्या : एक. दुसरी म्हशींची.
गाद्या : दोन. एकीवर अजून दुकानातलं प्लास्टिक.
चादर : स्वच्छ, इतकी की घडीच्या रेघा मोजाव्यात.
संडास : आहे. कडी आहे. बादली लाल.
गरम पाणी : चुलीवर, मागाल तेव्हा.
आरसा :
त्या आत गेल्या आणि सुनेच्या पावडरच्या डबीतला
रुपयाएवढा आरसा घेऊन आल्या.
"चालंल का?"
'आहे' लिहिलं.
आकार विचारलेला नाही नमुन्यात.

रकाना अकरा : खोलीतून दिसणारा देखावा.
खिडकी एकच, उगवतीला.
खिडकीत उकिरडा, उकिरड्यावर कोंबडा,
त्यामागं फणस, फणसाला टांगलेला सायकलचा टायर.
आणि घराच्या पाठीशी
अख्खा घाट.
करूळची वळणं, खाली कोकण
निवत ठेवलेल्या दुधासारखं, वर धुक्याची साय,
आणि पार लांब एक चकाकती रेघ,
समुद्र होता की माझा चष्मा, कुणास ठाऊक.
त्या बाजूला भिंत.
दगडमातीची, हातभर जाड,
गेल्या पावसातले गवताचे झाप अजून उतरवायचे राहिलेले.

"मावशी, इथं एक खिडकी पाडा," मी म्हणालो.
"पुणेवाले मावळतीसाठीच येतात.
देखाव्याला दहा गुण आहेत."

त्यांनी भिंतीवर हात ठेवला,
गाभण म्हशीच्या कुशीवर ठेवतात तसा.
"तुमचं पाव्हणं दोन रोजाचं.
हिकडनं येतुय त्यो चार म्हयनं मुक्कामाला.
त्येला न्ह्यारी लागत न्हाई,
पर भोक घावलं की आत शिरतुय.
मामंजींनी मावळतीकडं पाट करून घर बांदलं,
त्ये काय त्येस्नी दिसत न्हवतं म्हनून न्हवं."

यावर माझ्याकडं रकाना नव्हता.
बोलण्यात शेवटची गाडीही गेली.

दिवस कलला तसं त्यांनी घोंगडं काखेत मारलं,
भिंतीला वळसा घालून मागच्या कातळावर अंथरलं.
"बसा."
स्वतः बसल्या नाहीत.
सूर्याकडं पाठ करून रानाच्या वाटेकडं बघत राहिल्या;
एक रेडकू अजून यायचं होतं.
मावळती माझ्या एकट्याच्या वाट्याला आली.
इतकी मोठी वस्तू
सहीशिवाय हातात पडायची सवय नाही मला.
मी दोनदा मागं वळून बघितलं.

रात्री नाचणीची भाकरी, कुळथाचं माडगं.
कूस बदलली की प्लास्टिक बोलायचं,
कुडापलीकडं म्हैस सुस्कारा टाकायची.
पहाटेपर्यंत आमचं असंच चाललं होतं.

सकाळी पैसे दिले. त्यांनी घेतले,
दोनदा मोजले,
सुट्टे नव्हते म्हणून सहा अंडी दिली
पिंजरात गुंडाळून.

परतीच्या गाडीत फाइलवर अंडी,
अंड्यांखालून ओढून काढलेला रकाना अकरा.
लिहिलं : खिडकीतून काही नाही.
घोंगडं घेऊन बाहेर यावं लागतं.
पुढं गुणांची चौकट होती.
पेन टेकवलं तेवढ्यात असळजचा खड्डा आला
आणि माझे दोन्ही हात
अंड्यांवर गेले.